रोश्टी दर वेळी का मोडते?

तव्यावर ताट झाकलं, श्वास रोखला आणि तवा उलटा केला. अर्धी रोश्टी ताटात, अर्धी तव्यालाच. ताटात पडली तिचाही मधला भाग ओलसर, बोटाला खळीसारखा चिकटणारा. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात माझं असं चार वेळा झालं. चारही वेळा मी तव्याला दोष दिला. पाचव्या वेळी नवा नॉनस्टिक तवा आणला. त्याला रोश्टी चिकटली नाही, पण मोडायची ती मोडलीच.

आता मला पुण्याहून, ठाण्याहून फोन येतात. कुणी युंगफ्राउयोखला जाऊन आलेलं असतं, कुणी ल्युसर्नला. तिथे खाल्लेली ती बाहेरून खरपूस, आतून मऊ अशी बटाट्याची जाड चकती, म्हणजेच रोश्टी, घरी करायला घेतात आणि ‘अरे, गिच्च गोळा झाला’ म्हणून सांगतात. मी एकच विचारतो, बटाटे कधी उकडलेस? उत्तर ठरलेलं असतं. ‘आत्ताच.’ नाहीतर, ‘उकडायचे असतात होय?’

म्हणजे तवा निर्दोष आहे. चूक आदल्या रात्रीच होऊन गेलेली आहे.

रोश्टी हा मुळात शिळ्याचा पदार्थ. बर्न परगण्यातल्या शेतकऱ्यांची ही न्याहारी. १७७०-७१ च्या अन्नटंचाईनंतर बटाटा इथल्या शेतांत खऱ्या अर्थाने रुजला, आणि पुढे सकाळच्या लापशीची जागा त्याने घेतली. रात्रीच्या जेवणाला सालासकट उकडलेले बटाटे आणि चीज. त्या बटाट्यांना इथल्या बोलीत ‘ग्श्वेल्टी’ म्हणतात, आणि हे जेवण आजही घरोघर होतं. रात्रीचे उरलेले बटाटे सकाळी किसून लोण्यात किंवा चरबीत परतले की झाली रोश्टी. आपण रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी घालतो, त्यातलाच प्रकार. चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या भाताचा फोडणीचा भात केला तर काय होतं, ते कुठल्याही मराठी घरात सांगावं लागत नाही. बटाट्याचंही तेच होतं, आणि कारणही तेच आहे.

खात्री करायला मी एकदा दोन्ही शेजारी शेजारी करून पाहिलं. एकाच पिशवीतले चार सारखे बटाटे घेतले. दोन रात्री उकडून, गार करून फ्रिजमध्ये ठेवले. दोन सकाळी उकडले आणि हाताला सोसतील इतके गरम असतानाच किसले. गरम बटाट्याचा कीस किसणीच्या मागच्या बाजूलाच थापला गेला, बोटाने निपटून काढावा लागला, आणि वाडग्यात पडला तो पुरणासारखा. रात्रीच्या बटाट्याच्या मात्र सुट्या सुट्या, लांब सळ्या पडल्या. मूठभर उचलून वरून सोडल्या तर एकेक वेगळी पडत होती. किसणीही जवळजवळ कोरडी. इथे निकाल लागलाच होता, तवा तापवायची सुद्धा गरज नव्हती.

आत काय होतं ते थोडक्यात सांगतो. बटाट्यातला स्टार्च साधारण साठ-पासष्ट अंशांच्या पुढे पाणी पिऊन फुगायला लागतो, आणि पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन शिजताना सैल पडतं. अशा गरम, फुगलेल्या पेशी किसणीवर घासल्या की फुटतात आणि आतली खळ बाहेर येते. ती खळ म्हणजेच तो चिकटा. बटाटा गार झाला की स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना लागून घट्ट बसतात, मधलं पाणी थोडं बाहेर ढकललं जातं आणि बटाटा कापता येण्याजोगा कडक होतो. यातला काही भाग तासाभरात होतो, पण उरलेला सावकाश, रात्रभर. म्हणून ‘दोन तास फ्रिजमध्ये ठेवले होते की’ हे अर्धंच उत्तर आहे. दोन तासांनी बटाटा गार झालेला असतो, बसलेला नसतो. माझा अनुभव आठ तासांच्या खाली जाऊ नये असा आहे. दोन दिवसांचे बटाटे तर त्याहून छान.

उन्हाळ्यात आपल्याकडे उकडलेले बटाटे रात्रभर ओट्यावर ठेवू नका. वाफ गेली की सालासकट फ्रिजमध्ये. डबाबंद मात्र करू नका, आत पाणी साचतं.

उकडण्यात दुसरी चूक होते ती कुकरमुळे. तीन शिट्ट्या म्हणजे वड्याचा बटाटा. रोश्टीचा बटाटा साल न फाटता उकडला पाहिजे. साल फाटली की आत पाणी शिरलंच म्हणून समजा. मी पातेल्यात, बटाटे बुडतील इतक्या पाण्यात, मध्यम आचेवर उकडतो. मुठीत मावतील असे सारख्या आकाराचे बटाटे वीसेक मिनिटांत होतात. सुरी टोचली की आत जावी, पण मध्यभागी जराशी अडखळावी. भाजीसाठी आपण त्याला कच्चट म्हणू. इथे तो बरोबर असतो, कारण उरलेलं शिजणं तव्यावर होणार आहे.

आता बटाटा कोणता. इथे ते फार सोपं करून ठेवलंय. दुकानात हिरव्या पिशवीतले बटाटे म्हणजे उकडल्यावर आकार धरणारे, निळ्या पिशवीतले म्हणजे पिठूळ, सूप आणि मॅशसाठी. उकडून करायच्या रोश्टीला हिरवी पिशवी. आपल्याकडच्या भाजीवाल्याकडे पिशव्यांचे रंग नसतात, पण प्रत्येक घराला एक कसोटी माहीत असते. रस्साभाजीत ज्याच्या फोडी शेवटपर्यंत फोडी राहतात, तो रोश्टीचा. जो उकडताच फुलतो, हातात धरला की भुगा होतो, तो बटाटेवड्याला उत्तम आणि रोश्टीला वाईट. सर्वसाधारणपणे पातळ सालीचा नवा बटाटा आकार जास्त धरतो.

भारतातून येणारी एक तक्रार मला इथे कधी आली नव्हती, म्हणून ती समजायला वेळ लागला. ‘पाच मिनिटांत काळी पडते, आत नीट तापतही नाही आणि खाताना गोडसर लागते.’ हा शीतगृहाचा बटाटा. उत्तरेतलं पीक हिवाळ्याच्या शेवटी निघतं आणि कोंब येऊ नयेत म्हणून पुढचे कितीतरी महिने दोन ते चार अंशांच्या थंडीत राहतं. इतक्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होत जाते. साखर जास्त, म्हणून रंग लवकर आणि चव गोड. वेफर्सवाले हा बटाटा घेत नाहीत, त्याचंही कारण हेच. वाळवणाच्या दिवसांत आपण ‘वेफर्सचाच द्या’ म्हणून बजावतो तेही यासाठीच. गोड बटाटा घरात आलाच असेल तर तो आठ-पंधरा दिवस अंधाऱ्या, हवेशीर टोपलीत बाहेर ठेवा, गोडी बरीचशी उतरते. आणि कच्चे बटाटे घरच्या फ्रिजमध्ये ठेवून आपणच ती चूक परत करू नका. फ्रिज फक्त उकडलेल्यांसाठी. हिरवट पडलेला बटाटा मात्र कशालाच नको, त्यातलं सोलॅनिन नावाचं विष उकडून जात नाही.

किसणीचं एवढंच, की खोबरं किंवा आलं किसायची बारीक किसणी घेतलीत तर वरचं सगळं पाळूनही लगदाच होईल. इथे रोश्टीसाठी मुद्दाम मोठ्या भोकांची किसणी मिळते. चौकोनी किसणीची सगळ्यांत मोठी भोकं चालतात. सळी काडेपेटीतल्या काडीपेक्षा जाड हवी. बटाटा लांबीच्या बाजूने धरून, एकाच दिशेने, सावकाश ओढायचा. खालीवर घासायचं नाही. साल किसण्याआधी काढायची, गार बटाट्याची ती सहज निघते.

इथपर्यंत नीट झालं तर तव्यावर बिघडायला फार काही उरत नाही. पण आपल्या हाताला एक सवय असते, तिच्याशी भांडावं लागतं. आपल्या हाताला उपासाचा कीस माहीत आहे. तुपात जिरं, मिरची, वर किसलेला कच्चा बटाटा, झाकण ठेवून वाफ, मधेमधे उलथण्याने परतणं. झाकण आणि शेवटपर्यंत परतत राहणं, या दोन्ही गोष्टी रोश्टीला मारक आहेत.

मला हे शेजारच्या आजींनी शिकवलं. वय ऐंशीच्या पुढे, माझं पार्सल त्यांच्याकडे आलं होतं ते द्यायला आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. मी उलथणं घेऊन रोश्टीच्या कडा उचलून खाली बघत होतो, दर मिनिटाला. त्या म्हणाल्या, ‘नुमे नीद हुडले.’ बर्नकरांचं हे ठेवणीतलं वाक्य, ‘उगाच घाई नको’. मग माझ्या हातातलं उलथणं काढून घेऊन सिंकमध्ये ठेवून दिलं. ‘तुम्ही तिकडे बसा,’ म्हणाल्या. गॅस बारीक केला, कडेने चमचाभर लोणी सोडलं आणि हात बांधून उभ्या राहिल्या. दहा मिनिटं त्या तव्याला शिवल्या नाहीत. फक्त कान देत होत्या. सुरुवातीला चरचर ओली आणि जोरात असते, पाणी उडत असतं. मग ती हळूहळू बारीक, कोरडी होत जाते आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास येतो. तेव्हा त्यांनी दांडा धरून तव्याला एक हलका हिसका दिला. आख्खी रोश्टी एकसंध सरकली. त्या म्हणाल्या, आता.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. दोघांसाठी पाचशे ग्रॅम उकडलेले बटाटे, वीस-बावीस सेंटिमीटरचा तवा, पाऊण चमचा मीठ, दोन मोठे चमचे तूप आणि शेवटी कडेने सोडायला थोडं लोणी. तवा आधी तापवायचा, मग तूप, तूप पातळ होऊन लवलवायला लागलं की कीस. पहिली चार-पाच मिनिटं हलक्या हाताने वरखाली करायचं, म्हणजे प्रत्येक सळीला तूप आणि मीठ लागतं. याच वेळात सळ्यांच्या अंगावरचा थोडासा स्टार्च ओला होतो आणि पुढे रोश्टीला तोच धरून ठेवतो. मग कडा आत ढकलून दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची चकती करायची, वरून उलथण्याने हलकंसं दाबायचं आणि उलथणं बाजूला. दाबायचं म्हणजे थालीपीठासारखं थापायचं नाही, आत वाफेला वाट राहू द्यायची. मध्यम-मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं. झाकण नाही.

हिसका दिल्यावर सरकत नसेल तर ती ‘चिकटली’ असं नसतं, अजून झालेली नसते. खालची साय धरली की ती स्वतःहून सुटते. बिडाच्या तव्यावरही सुटते, उलट बिडावर रंग जास्त छान येतो. आधीच खरवडायला गेलात की ती साय तुटते आणि पुन्हा धरत नाही.

उलटताना तव्यापेक्षा मोठं, सपाट काठाचं ताट घ्या. वाटीसारख्या खोल ताटात ती मधे मोडते. आधी रोश्टी ताटावर सरकवा, तिच्यावर रिकामा तवा पालथा धरा आणि दोन्ही घट्ट पकडून उलटं करा. ताटावर तवा, तव्यावर ताट नाही. गरम तूप मनगटावर ओघळत नाही. मधल्या काळात तव्यात चमचाभर तूप सोडायला विसरू नका. दुसरी बाजू दहा मिनिटांत होते. हे सगळं ओट्यावर करा. मी एकदा सिंकवर केलं होतं, सांडलं तर बरं म्हणून. सांडलं.

स्निग्धाचा प्रश्न वारंवार येतो. नुसत्या लोण्यात केली तर लोण्यातला दुधाचा अंश तळाशी जळतो आणि काळे ठिपके पडतात, कडवटही लागते. इथे म्हणून ‘ब्राटबुटर’ नावाचं, पाणी आणि दुधाचा अंश काढलेलं लोणी विकतात. मराठी माणसाला हे वाचून हसू यावं, कारण ते आपलं तूपच, फक्त कमी कढवलेलं. घरचं कणीदार तूप वापरा, चव उलट खमंग येते. शेवटी कडेने सोडायला मात्र लोणीच, वासासाठी. बर्नमध्ये लोण्याला ‘आंके’ म्हणतात. आजींच्या मते आंके नसेल तर रोश्टी नाही. तेलात होते, पण रंग पिवळट आणि चव कोरडी राहते. इकडे येणाऱ्या शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं, की बर्नच्या पद्धतीच्या रोश्टीत ‘श्पेक’ म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, आणि काही ठिकाणी साधी दिसणारी रोश्टीही चरबीत केलेली असते. विचारून घ्या. घरी तूप-मिठावर केली तर उपासालाही चालते, आमच्याकडे एकादशीला तीच असते.

‘मोडू नये म्हणून अंडं घालू का? बेसन? तांदळाचं पीठ?’ घाला, पण मग ते कटलेट झालं. बटाटा योग्य असेल तर काही लागत नाही, आणि नसेल तर पीठ घालून तो चिकटा आणखी घट्ट होतो. कांदा हवाच असेल तर वेगळा परतून, पाणी आटवून घ्या. चीज आत घालू नका, ते तळाशी जाऊन जळतं. उलटून झाल्यावर वरून ग्र्युएर किसा आणि गॅस बंद करा.

आता कच्च्या बटाट्याची रोश्टी. ती असते, आणि आवडीने खाल्ली जाते. खरी कोणती, उकडलेली की कच्ची, यावर इथली माणसं तावातावाने बोलू शकतात. या देशात जर्मन आणि फ्रेंच भाषकांमधल्या सांस्कृतिक सीमेचं नावच ‘रोश्टीग्राबेन’, म्हणजे रोश्टीचा खंदक. सार्वमताच्या दिवशी दोन्ही भागांचा कौल वेगळा गेला की वर्तमानपत्रं हाच शब्द बाहेर काढतात. खंदकाच्या पलीकडेही लोक रोश्टी खातात, ही गोष्ट वेगळी.

कच्चीचे बिघाड निराळे. ती आत कच्ची राहते, कारण जाडी उकडलेलीसारखीच ठेवली जाते. ती सेंटिमीटरभरच हवी. ती पाणी सोडते, म्हणून कीस फडक्यात बांधून चांगला पिळायचा, आणि मीठ अगदी तव्यात टाकताना घालायचं. धुवायची नाही. कीस धुतला की धरून ठेवणारा स्टार्च जातो, आणि मग ती वेफर्सच्या चुऱ्यासारखी सुटी सुटी होते. किसून ठेवलेला बटाटा हवेने लालसर-करडा पडतो, तेव्हा तवा तापवून मगच किसा. हिच्यात मात्र पहिली पाच मिनिटं झाकण चालतं, झाकणाखालचं पाणी पुसत राहिलं तर. इथे पिठूळ बटाटाही चालतो. म्हणजे वड्याचे बटाटे घरात असतील आणि आदल्या रात्री उकडायचं राहिलं असेल, तर कच्चीच करा. आत्ता उकडलेल्यांपेक्षा ती शंभर पटीने बरी.

पाकिटातली तयार रोश्टी इथे प्रत्येक दुकानात मिळते. तिला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त ती बहुधा आधीच तूप-तेल लावलेली असते, वरून आणखी घातलं की तेलकट होते. पाकीट आधी बाहेरून चोळून मोकळं करून घ्या. विटेसारखी तशीच तव्यात टाकली तर मधे गार राहते.

झाली की लगेच वाढा. ताटावर झाकण घातलं की दोन मिनिटांत खालची बाजू मऊ पडते. पाहुणे यायचे असतील तर ऐंशी-नव्वद अंशांच्या ओव्हनमध्ये, जाळीवर, उघडी ठेवा.

आणि एवढं करूनही उलटताना मोडलीच, तर तव्यात तुकडे जवळ ढकला, भेगांमध्ये थोडं तूप सोडा, हलकं दाबा आणि आणखी पाच मिनिटं द्या. खालची साय पुन्हा बरीचशी सांधली जाते. सांधली नाही तर वर दोन अंडी फोडून तळलेली ठेवा. मोडलेलं कुणाला दिसत नाही. आजींच्या रोश्टीवर दर रविवारी अंडी का असतात, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.